विश्लेषण : ज्वालामुखीच्या बेटावर क्वाड बाइकची सफर, पण वाट सोडली की लाखोंचा दंड, असं का?

काळ्याभोर वाळूच्या ओसाड मैदानात एक मोडकं विमान पडलंय, त्याला पंखांची टोकं नाहीत, शेपटी नाही, आणि त्यावर शाहरुख खान आणि काजोल. २०१५ मध्ये 'दिलवाले' चित्रपटातलं 'गेरुआ' गाणं आलं तेव्हा ही जागा नेमकी कुठे आहे, हा प्रश्न अनेकांना पडला होता. ती जागा म्हणजे आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सोल्हेइमासांदुर. त्याच वर्षी जस्टिन बीबरच्या एका गाण्याच्या व्हिडिओतही हेच विमान दिसलं. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०१६ मध्ये, जमिनीच्या मालकांनी तिथं जाणारा रस्ता मोटारींसाठी बंद केला.

आज त्या विमानापाशी पोहोचायचं तर मुख्य रस्त्यापासून सुमारे चार किलोमीटर चालत जावं लागतं, नाहीतर तिथल्या बसचं तिकीट काढावं लागतं. तिसरा पर्याय म्हणजे वाटाड्यासोबतची क्वाड बाइक सफर. भाड्यानं घेतलेली स्वतःची मोटार नेता येत नाही, पण हेल्मेट घालून गाईडच्या मागे रांगेत चार चाकांची धुरळा उडवणारी गाडी चालवता येते. यात विसंगती आहे का? आइसलंडमध्ये गेली काही वर्षं या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आहे. ज्वालामुखीच्या राखेतून आणि लाव्हारसातून तयार झालेली जमीन, तिच्यावर चालणारा पर्यटनाचा धंदा आणि 'गाईड सोबत आहे ना, मग झालं' ही समजूत, अशा तिन्ही गोष्टी या चर्चेत येतात.

क्वाड बाइक म्हणजे काय?

लोणावळ्याला किंवा नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर गेलेल्यांना 'एटीव्ही' हा शब्द माहीत असतो. तीच ही गाडी. बसायला मोटारसायकलसारखी सीट, धरायला हँडल, खाली चार जाड फुगीर चाकं. वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्यानं एक छोटी कळ दाबायची असते.

आधी या गाड्या तीन चाकी होत्या. होंडानं १९७० मध्ये पहिली बाजारात आणली. त्या इतक्या सहज उलटायच्या की अमेरिकेत १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्या यांच्यात तडजोड होऊन तीन चाकी गाड्यांची विक्रीच थांबली. चार चाकी गाडी सुझुकीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली होती, तीच टिकली. चार चाकं आहेत म्हणजे मोटारीसारखी स्थिर असेल, असं पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं आणि तिथंच तो फसतो. गाडी अरुंद आणि उंच असते, वजन तीन-चारशे किलोंच्या घरात असतं, आणि वळताना चालवणाऱ्यानं स्वतःचं अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. उतारावर आडवी घातली किंवा घाबरून अंगठा दाबून धरला, तर ती चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. मागे दुसरा माणूस बसला असेल तर तोल आणखी बिघडतो.

टायरमधली हवा मात्र फार कमी असते, मोटारीच्या टायरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे चाक पसरतं आणि वजन मोठ्या क्षेत्रावर विभागलं जातं. 'आमच्या गाडीनं जमिनीला काही होत नाही' असा दावा विक्रेते करतात तो याच आधारावर. सरळ रेषेत, हळू, सपाट वाळूवर चालवली तर त्यात तथ्यही आहे. पण जमीन फाटते ती वजनानं कमी आणि चाक घसरल्यानं जास्त. वेग घेताना, ब्रेक लावताना, वळताना चाकाचे खोल खाचे मातीला ओरबाडतात. आणि पर्यटक या गाडीवर नेमकं हेच करायला बसलेला असतो.

आइसलंडचा कायदा काय सांगतो?

आइसलंडमध्ये पायी फिरण्याचं स्वातंत्र्य फार जुनं आहे. लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, ती खासगी असली तरी, कोणीही चालत जाऊ शकतं. या हक्काला तिथं 'आल्मान्नारेत्तुर' म्हणतात, म्हणजे साधारण 'सर्वांचा हक्क'. पण हा हक्क पायांना आहे, इंजिनाला नाही.

२०१३ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ मध्ये अंमलात आलेल्या निसर्ग संरक्षण कायद्यानुसार रस्ता सोडून मोटार वाहन चालवायला सरसकट बंदी आहे. हिमनदीवर, किंवा जमीन गोठलेली असून तिच्यावर बर्फाचा भक्कम थर असेल तर चालवता येतं. शेती, बचावकार्य, संशोधन अशा काही कामांना मर्यादित सूट आहे. पर्यटनासाठी अशी सूट नाही. म्हणजे क्वाड बाइकची सफर कायदेशीर असते ती फक्त आखलेल्या वाटेवर. जाहिरातीत 'ऑफ-रोड थरार' असे शब्द असले तरी प्रत्यक्षात गाडी कच्च्या, पण नकाशावर असलेल्या रस्त्यावरूनच जायला हवी.

मग रस्ता कशाला म्हणायचं? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मेंढ्या हाकायला शेतकऱ्यानं वापरलेली चाकोरी, नदी ओलांडून गेलेली पन्नास वर्षांपूर्वीची जीपची वाट, कोणीतरी गेल्या उन्हाळ्यात पाडलेले दोन पट्टे, हे सगळं जमिनीवर सारखंच दिसतं. म्हणून कायद्यानं स्थानिक पालिकांवर जबाबदारी टाकली की आपल्या हद्दीतल्या अशा वाटांची यादी आणि नकाशा तयार करायचा. यादीत आहे तो रस्ता, बाकी सगळी जमीन. कोणती वाट यादीत ठेवायची आणि कोणती मिटवायची, यावर शेतकरी, जीपवाले, सफरी चालवणारे आणि पर्यावरणवादी यांचं एकमत होणं कठीण, हे सांगायला नको.

दंड मात्र खरोखर होतो. २०१९ मध्ये उत्तर आइसलंडमधल्या मिवात्न सरोवराजवळच्या गरम झऱ्यांच्या परिसरात एका परदेशी सोशल मीडिया स्टारनं भाड्याची गाडी रस्त्याखाली उतरवली. गाडी चिखलात रुतली आणि त्याला साडेचार लाख क्रोनांचा, म्हणजे त्या वेळच्या दरानं सुमारे अडीच लाख रुपयांचा दंड झाला. त्यानं त्याचेही फोटो टाकले. स्थानिक लोक खवळले ते दंडाच्या रकमेवरून नव्हे, तर हा माणूस दंडाकडे प्रसिद्धीचा खर्च म्हणून पाहतोय या जाणिवेनं.

एवढी काय नाजूक आहे ही जमीन?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. सह्याद्रीही लाव्हारसाचाच बनलेला आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ आणि आइसलंडचा काळा कातळ हे दोन्ही बेसॉल्टच. मग आपल्या घाटात बुलडोझर चालतात आणि तिथं एका चाकाच्या खुणेवरून एवढा गहजब का?

फरक वयाचा आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर ऊन-पावसाचे इतके थर गेले की त्याची चिकण काळी माती झाली. आइसलंडच्या पुष्कळ भागात लाव्हा काही हजार, काही शे, तर कुठे काही महिन्यांपूर्वीचा आहे. त्यावरची माती ज्वालामुखीच्या राखेतून झालेली, हलकी आणि भुसभुशीत. ती पाणी भरपूर धरते पण तिचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. वर वनस्पतींचं पांघरूण आहे तोवर ती जागेवर राहते. पांघरूण फाटलं की वारा तिला उचलून नेतो.

हे पांघरूण बहुतेक ठिकाणी शेवाळाचं असतं. १७८३-८४ मध्ये लाकी नावाच्या भेगेतून आठ महिने लाव्हारस वाहत होता. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्रफळ होतं, साधारण तेवढी जमीन त्याखाली गेली. त्यातून निघालेल्या विषारी वायूंमुळे गवत जळलं, बहुतांश मेंढ्या मेल्या आणि नंतरच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. आज त्याच लाव्हाच्या खडबडीत दगडांवर करड्या-हिरव्या, लोकरीसारख्या मऊ शेवाळाची जाड गादी पसरलेली दिसते. दोनशे चाळीस वर्षांत तिथं एवढंच उगवलंय. माती नाही, झाड नाही, फक्त गादी. हे शेवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर, बऱ्याचदा त्याहूनही कमी वाढतं. त्यावरून एकदा चाक घसरलं की गादी सोलून निघते, आणि ती जखम भरायला दशकं लागतात.

आणखी एक कारण थंडीचं. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून तिला वर उचलतं, वितळलं की सोडून देतं. उघड्या पडलेल्या पट्ट्यात हे चक्र वर्षभरात कितीतरी वेळा फिरतं आणि रोपटं मूळ धरायच्या आत उपटलं जातं. उतारावर चाकाच्या खुणेतून पाणी वाहतं, खूण चर होते, चराची घळ होते. शिवाय आधीच्या गाडीची खूण दिसली की मागच्याला ती वाटच वाटते, आणि पाचव्या गाडीनंतर ती खरोखर वाट होते.

आइसलंडच्या लोकांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नवव्या शतकात माणसं या बेटावर आली तेव्हा किमान चौथाई भूभागावर बर्चची जंगलं असावीत असा अंदाज आहे. सरपणासाठी तोड आणि मेंढ्यांची चराई यांनी जंगल गेलं, त्यामागोमाग माती गेली. वाळूच्या वादळांनी शेतं गाडली गेली. १९०७ मध्येच या देशानं माती वाचवण्यासाठी स्वतंत्र सरकारी व्यवस्था उभी केली, जगात अशा व्यवस्थांमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी आहे. त्यामुळे चाकाच्या खुणेकडे तिथला माणूस ओरखडा म्हणून पाहत नाही. पुढे काय होतं ते त्याच्या पणजोबानं पाहिलेलं असतं.

या उजाडपणाचं आकर्षणही तेवढंच जुनं आहे. अमेरिकेच्या अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांना १९६५ आणि १९६७ मध्ये भूगर्भशास्त्र शिकवायला आइसलंडच्या मध्य पठारावर, आस्क्या ज्वालामुखीच्या परिसरात आणलं होतं, कारण पृथ्वीवर चंद्रासारखी जमीन तिथं होती. आजच्या सफरींच्या जाहिरातीतही 'चंद्रावर गाडी चालवल्यासारखं' ही ओळ हमखास सापडते.

पर्यटक आले कुठून?

२००८ मध्ये आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. चलन घसरलं आणि एरवी महागडा असलेला देश परदेशी लोकांना परवडू लागला. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर खिळवली. सगळ्यांना वाटलं आता पर्यटन संपलं. झालं उलटंच. नाव उच्चारता येत नसलं तरी जगाला ते बेट माहीत झालं, सरकारनंही जाहिरातीचा धडाका लावला. २०१० मध्ये सुमारे पाच लाख परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये तो आकडा २३ लाखांवर गेला. करोनाकाळातल्या खंडानंतर २०२३ आणि २०२४ मध्येही तो २२ लाखांच्या पुढेच राहिला. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे.

मासेमारी आणि अॅल्युमिनियमच्या कारखान्यांवर चालणाऱ्या देशाला या पैशानं संकटातून बाहेर काढलं, हे तिथं कोणी नाकारत नाही. किनाऱ्यावरच्या ज्या शेतकऱ्याला मेंढ्यांवर घर चालवणं जड जात होतं, त्याला पार्किंगचं शुल्क, राहायच्या खोल्या, घोड्यांची रपेट, क्वाडची सफर यातून उत्पन्न मिळालं. निव्वळ निसर्गप्रेमाच्या चष्म्यातून या सफरींकडे पाहिलं तर ही बाजू निसटते. गाव रिकामं होण्याऐवजी मुलं परत आली, तेही याच धंद्यामुळे.

विमानाच्या सांगाड्याचं काय झालं?

सोल्हेइमासांदुरची गोष्ट इथं मुळापासून पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकी नौदलाचं हे मालवाहू विमान या मैदानात उतरवावं लागलं. आतले सगळे वाचले. कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा तिथंच सोडला गेला. चाळीस वर्षं त्याची कोणाला फारशी पर्वा नव्हती.

मग फोटो आले, गाणी आली, आणि गाड्यांची रांग लागली. हे मैदान म्हणजे कात्ला ज्वालामुखीच्या उद्रेकात हिमनदी वितळून आलेल्या पुरांनी आणून टाकलेली वाळू आणि खडे. सपाट असल्यामुळे प्रत्येक जण आपापली वाट काढू लागला. काहींच्या गाड्या रुतल्या, त्या काढायला आणखी गाड्या आल्या, आणि जिथं थोडंफार गवत धरलं होतं तिथंही चाकांच्या खुणा पडल्या. जमीन खासगी होती. मालकांनी फाटक लावलं.

त्याचा परिणाम चांगला झाला आणि वाईटही. मोटारींचे पट्टे थांबले, पण लोक येतच राहिले, आता पायी. वाट सपाट आहे म्हणून सोपी वाटते, मात्र आडोसा देणारं एक झाडही नाही आणि हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा असतो. जानेवारी २०२० मध्ये चीनहून आलेले दोन तरुण पर्यटक या वाटेवर मृतावस्थेत सापडले. त्या दिवसांत त्या भागात हवामान अतिशय खराब होतं.

अशा ठिकाणी गाईडसोबतच्या क्वाड सफरीकडे पाहिलं तर ती तितकी विसंगत वाटत नाही. दहा जण दहा वेगवेगळ्या वाटांनी जाण्याऐवजी एका माणसामागे एका रांगेत जातात. वारा वाढला तर परत फिरायचं हे ठरवणारा कोणीतरी असतो. गाडी रुतली तर काढायची कशी हे त्याला माहीत असतं. शिवाय आखलेली वाट खराब झाली तर त्याचाच धंदा बसणार असल्यामुळे ती सांभाळण्यात त्याचा स्वार्थ असतो. बेफाम भाड्याच्या गाडीपेक्षा हा पर्याय बरा, यात शंका नाही. पण बसपेक्षा बरा आहे का? याचं उत्तर सफरी चालवणारे सहसा देत नाहीत. एका बसमध्ये पन्नास जण जातात. तेवढ्यांना क्वाडवर न्यायला, दोघं एका गाडीवर धरली तरी, पंचवीस इंजिनं लागतात. आवाज, धूर आणि चाकांचा घास हे सगळं त्या हिशेबात धरावं लागतं. विमान पाहायचं असेल तर बस पुरते. क्वाड हवी असते ती क्वाड चालवण्यासाठी, विमान हे निमित्त.

गाईड सोबत असला म्हणजे सुरक्षित?

सफर साधारण अशी होते. अंगावर चढवायला जाड पाणीरोधक पोशाख, हेल्मेट आणि हातमोजे मिळतात. चालवणाऱ्याकडे मोटारगाडीचा वैध परवाना असावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं सूचना, आवारात एक-दोन फेऱ्या, आणि मग रांग. गाईड पुढे, कच्चे गडी त्याच्या लगेच मागे. या पंधरा मिनिटांत कोण घाबरलंय आणि कोणाला उगाच मर्दुमकी गाजवायची आहे हे ओळखणं, हे गाईडचं खरं कौशल्य.

पण गाईड कोणाला म्हणायचं? आइसलंडमध्ये साहसी सफरी विकणाऱ्या कंपनीला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो आणि २०१८च्या कायद्यानुसार लेखी सुरक्षा आराखडाही ठेवावा लागतो. 'गाईड' या पदवीला मात्र तसं कायदेशीर संरक्षण नाही. डॉक्टर किंवा वीजतंत्री म्हणवून घ्यायला परवाना हवा, गाईड म्हणवून घ्यायला नको. गाईडांच्या संघटनेची याविरुद्ध जुनी तक्रार आहे. उन्हाळ्यात हंगामी कामाला आलेला परदेशी तरुण आणि वीस वर्षं त्याच डोंगरात वावरलेला शेतकरी, दोघांच्या जाकिटावर एकच शब्द लिहिलेला असतो.

हा मुद्दा ऑगस्ट २०२४ मध्ये ठळकपणे समोर आला. ब्रेदामेर्कुरयोकुत्ल हिमनदीवर गाईडसोबत गेलेल्या २३ जणांच्या गटावर बर्फाचा भाग कोसळला आणि एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला. भर उन्हाळ्यात, बर्फ वितळत असताना, लोकांना तिथं नेलंच कसं, असा प्रश्न विचारला गेला. राष्ट्रीय उद्यानानं अशा सफरी थांबवल्या आणि नंतर नियम कडक केले. ती सफर क्वाडची नव्हती, पण धंद्याचं स्वरूप तेच. पैसे आगाऊ भरलेले, पर्यटकाचं विमान उद्याचं, आणि 'आज नको' म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्याच मालकाला ते 'नको' महागात पडणारं.

काही बिघडलं तर धावून येतात ते पगारी जवान नव्हेत. आइसलंडचं शोध आणि बचावकार्य मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतं. शिक्षक, सुतार, मच्छीमार नोकरीतून सुटी घेऊन डोंगरात जातात. त्यांच्या संघटनेच्या उत्पन्नाचा मोठा भाग नववर्षाच्या रात्री फटाके विकून येतो. पर्यटक बावीस लाख झाले तरी ही व्यवस्था मुळात चार लाखांच्या समाजानं स्वतःसाठी उभी केलेली आहे.

आणि ज्वालामुखी जागा झाला तर?

राजधानी रेक्याविकजवळच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठशे वर्षं उद्रेक झाला नव्हता. विमानतळ तिथंच, प्रसिद्ध ब्लू लगून तिथंच, आणि ग्रिंडाविक या मच्छीमारांच्या गावातून निघणाऱ्या क्वाड सफरीही तिथल्याच जुन्या लाव्हाच्या पट्ट्यातून जायच्या. १९ मार्च २०२१ रोजी फाग्रादाल्सफ्याल इथं जमीन फाटली. तो उद्रेक तसा शांत होता. साडेतीन लाखांहून अधिक लोक चालत जाऊन लाव्हा पाहून आले, प्रशासनानं पायवाट आखली आणि जमीनमालकांनी पार्किंगचे पैसे घेतले. 'पर्यटकी ज्वालामुखी' असं गमतीनं म्हटलं गेलं.

१० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ती गंमत संपली. शेकडो भूकंपांनंतर ग्रिंडाविकचे सुमारे ३,८०० रहिवासी काही तासांत घर सोडून गेले. डिसेंबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात गावाजवळच्या सुंधनुक भेगेतून नऊ उद्रेक झाले. जानेवारी २०२४ मध्ये लाव्हानं गावातली घरं जाळली. त्याआधी काहीच दिवस एक कामगार जमिनीतली भेग बुजवण्याचं काम करताना आत पडला, तो सापडलाच नाही.

सफरीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की कालचा कायदेशीर रस्ता आज लाव्हाखाली असू शकतो आणि वर भक्कम दिसणाऱ्या जमिनीखाली पोकळी असू शकते. नकाशा हा तिथं कायमचा दस्तऐवज नाही, आठवड्याला बदलणारी माहिती आहे.

इतर बेटांनी काय केलं?

स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी लांझारोतेवर १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं उद्रेक होत राहिला. त्या लाव्हाच्या मैदानाचं १९७४ मध्ये टिमानफाया राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं उत्तर एकदम वेगळं आहे. गाभ्यात ना स्वतःची मोटार, ना क्वाड, ना मनाला येईल तसं चालणं. आखलेल्या वळणदार रस्त्यावरून उद्यानाची बस फिरवून आणते आणि बहुतेकांना काचेतूनच पाहावं लागतं. त्यात थरार नाही ही तक्रार खरी आहे. पण जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचा लाव्हा तिथं कालच थिजल्यासारखा दिसतो, त्याचं श्रेय कोरड्या हवामानाइतकंच या बसलाही आहे. बाकीच्या कॅनरी बेटांवर मात्र गर्दीचा प्रश्न सुटलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये हजारो रहिवासी 'कॅनरी बेटांनाही मर्यादा आहे' असं सांगत रस्त्यावर उतरले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचं रूप लहान आहे, पण ओळखीचं. साताऱ्याजवळचं कास पठार हे जांभ्याच्या कातळावरचा मातीचा पातळ थर आहे. तिथं फुलांच्या हंगामात गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र एटीव्ही कुठून कुठपर्यंत फिरावी, एका वेळी किती असाव्यात, चालवणाऱ्याकडे परवाना हवा की नको, याकडे फारसं कोणी पाहत नाही. दहा वर्षांचं पोर हँडल धरून आणि मालकाचा पोऱ्या मागे उभा, हे दृश्य नागावला गेलेल्याला नवं नाही. वाळूला शेवाळाची गादी नसते हे खरं. पण भरतीरेषेच्या वरच्या वेली आणि गवत वाळू धरून ठेवतात, आणि ते चाकाखाली गेलं की किनारा कसा सरकतो हे गावकऱ्यांना विचारलं तर ते सांगतील.

आइसलंडला जाणाऱ्या भारतीयांनी काय पाहावं?

शेंगेन व्हिसावर आइसलंडला जाता येतं आणि भारतातून जाणाऱ्या सहलींमध्ये क्वाड सफर हल्ली 'ऐच्छिक' म्हणून दिलेली असते. ती घ्यायची तर प्रवास विम्याची पॉलिसी आधी नीट वाचावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये क्वाड किंवा एटीव्ही चालवताना झालेली दुखापत वगळलेली असते. भाड्याच्या मोटारीच्या विम्यातही रस्ता सोडल्यावर झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. आरक्षण करण्याआधी सफर कोणत्या वाटेनं जाते, एका गाईडमागे किती गाड्या असतात आणि हवामान बिघडून सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. पैसे परत मिळत असतील तर गाईडला 'आज नको' म्हणणं सोपं जातं. चालवणारा आणि मागे बसणारा यांनी अर्ध्या वाटेत जागा बदलायची असेल तर दोघांकडेही परवाना लागतो. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. रस्ते बंद आहेत का, वारा किती आहे, कुठल्या भागात उद्रेकाचा इशारा आहे, ही माहिती सरकारी यंत्रणा इंग्रजीतूनही रोज देतात, आणि ती त्याच दिवशी सकाळी पाहायची असते.